खेळून झालेली सीडी दुकानात विकताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व्हिडिओ गेमच्या ब्लू-रे डिस्कला कोणी ब्लू-रे म्हणत नाही. काउंटरपलीकडून प्रश्न येतो तो ‘कौनसा सीडी है?’ असाच. म्हणून मीही इथे सीडीच म्हणणार आहे, जाणकारांनी पोटात घालावं. पीएस टूच्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन टू या गेमच्या यंत्राच्या काळापासून मी या रस्त्यावर गेम विकतोय, बदलतोय आणि अधूनमधून स्वतःच्याच चुकीने पैसे घालवतोय. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत थोड्याच वेळात हा रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा! रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

अनुभव मुंबईचा असला तरी पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीतल्या गेमच्या दुकानातही हीच पद्धत चालेल.

दुकानदाराचा हिशेब

नव्या सीडीवर दुकानदाराला फारसं सुटत नाही. किंमत छापील, ऑनलाइन सेल बारा महिने, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर दुसरीकडचा भाव दाखवत उभं. त्याची खरी कमाई जुन्या मालात असते. अमेरिकेतली गेमस्टॉप ही या धंद्यातली मोठी साखळी. २०१०च्या दशकातले तिचे वार्षिक अहवाल पाहिले तर नव्या गेमवरचा ढोबळ नफा २०-२५ टक्क्यांच्या घरात आणि वापरलेल्या मालावरचा ४० टक्क्यांच्या वर दिसतो. आपल्याकडचा दुकानदार अहवाल छापत नाही, पण गणित तेच.

त्यामुळे तुम्ही ती सीडी केवढ्याला घेतली होती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘दादा, ४,९९९ला घेतलीय, दोनदाच लावलीय,’ हे तो रोज वीस जणांकडून ऐकतो. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: ही शेल्फवर किती दिवस पडून राहील? त्याच गेमच्या चार प्रती आधीच लागलेल्या असतील तर पाचवीला तो पडेल भाव देतो किंवा नकोच म्हणतो. जास्त पैसे मिळवायचे असतील तर त्या चार जणांच्या आधी तुम्ही काउंटरवर पोहोचायला हवं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

काय विकता येतं

सगळ्यात आधी कपाटातले गेम बाहेर काढून दोन ढीग करा. पीएस फोर आणि पीएस फाइव्हच्या मूळ सीड्या एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या. पहिल्या ढिगाला आपल्याकडे हमखास गिऱ्हाईक असतं. पीएस फोरची सीडी पीएस फाइव्हमध्ये चालते, त्यामुळे जुन्या पिढीच्या गेमनाही अजून मागणी आहे. पीएस थ्रीची सीडी मात्र पुढच्या दोन्ही यंत्रांत चालत नाही, तिला शौकीन गाठूनच विकावं लागेल. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या सीड्या घेणारे कमी. बरेच जण गेम पासवर, म्हणजे वर्गणी भरून खेळतात, आणि सीरीज एस या यंत्राला सीडी घालायची खाचच नाही. त्यामुळे भावही बेताचा मिळतो.

डिजिटल विकत घेतलेला गेम खात्याला चिकटलेला असतो, तो दुकानात विकता येत नाही. ‘पूर्ण खातंच विकतो’ असं म्हणणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नका, कंपनीच्या नियमांत ते बसत नाही आणि खातं बंद झालं तर दाद मागायला जागा राहत नाही. डब्यात सीडीऐवजी गेम डाउनलोड करायच्या कोडचा कागद असेल आणि कोड वापरून झाला असेल, तर तो डबा रद्दीत.

पीएस टूच्या सीड्यांचं काय, असं हमखास विचारलं जातं. आपल्यापैकी बहुतेकांकडे त्या काळी फुटपाथवरून घेतलेल्या नकली सीड्याच होत्या. आठवणी म्हणून ठेवा, दुकानात काढून लाज घालवू नका.

आणखी एक प्रकार असा की सीडी खरी आहे, पण गेमच मेलाय. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ साली आला आणि ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले. तो इंटरनेटशिवाय चालतच नसल्याने सीडी आता चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ तर २३ ऑगस्ट २०२४ला बाजारात येऊन ६ सप्टेंबरला बंदही झाला. निव्वळ ऑनलाइन चालणारा गेम असेल तर तो आधी विका.

कधी विकायचं

कथेचा गेम, म्हणजे ‘स्पायडर-मॅन’ किंवा ‘गॉड ऑफ वॉर’सारखा, पहिल्या तीन-चार आठवड्यांत संपवून विकला तर सगळ्यात चांगला भाव येतो. तेव्हा नवी सीडी पूर्ण किमतीला असते, वापरलेली मागणारे रांगेत असतात आणि शेल्फ रिकामं असतं. दोन महिन्यांनी सगळ्यांचाच गेम संपतो आणि सगळेच विकायला निघतात. ट्रॉफ्या, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, खात्यात राहतात, आणि सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, कन्सोलवर (यंत्रावर) राहतो. पुढे कधी हुक्की आलीच तर स्वस्तात पुन्हा घ्या आणि तिथूनच सुरू करा.

खेळांचे वार्षिक गेम म्हणजे उन्हातला बर्फ. फिफाची मालिका २०२३पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ नावाने येते, पण सवय तीच: सप्टेंबरच्या सुमारास नवा आला की जुन्याचा भाव कोसळतो. तो जुलैतच विकावा. थोडे दिवस फुटबॉलशिवाय काढता येतात.

याउलट काही गेम वर्षानुवर्षं भाव धरून बसतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे स्वतःचे गेम तसे. ‘जीटीए फाइव्ह’ सप्टेंबर २०१३चा, तरी आजही दुकानात कोणीतरी तो मागतोच. असे गेम विकायची घाई नाही.

विकायला निघण्याआधी प्लेस्टेशन स्टोअर उघडून बघायचं. तुमचा गेम तिथे सेलमध्ये अर्ध्या किमतीला लागला असेल, किंवा पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीच्या वरच्या दोन योजनांच्या यादीत आला असेल, तर दुकानदारालाही ते ठाऊक असतं. सेलमुळे भाव पडला असेल तर सेल संपेपर्यंत थांबा. प्लसच्या यादीत आला असेल तर थांबून फारसं काही हाती लागत नाही, मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हा.

घरी करायची तयारी

सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकापासून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे सहसा चालून जातात. गोल फिरणारे, म्हणजे सीडीच्या वाटेनेच गेलेले ओरखडे वाईट. मधल्या कड्यापाशी तडा असेल तर ती कोणी घेणार नाही.

बोटांचे ठसे असतील तर चष्मा पुसायचं मऊ फडकं घ्या आणि मधून बाहेर सरळ पुसा. गोल गोल नको. टूथपेस्ट लावायचा घरगुती उपाय इथे विसरा. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, म्हणून वरून थोडं घासलेलं खपून जायचं. ब्लू-रेत तो जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्यावर कडक संरक्षक लेप असतो. घासलं की आधी तो लेप जातो. पॉलिश करून देणाऱ्यालाही याच कारणाने ब्लू-रे देऊ नये.

मग ती स्वतःच्या यंत्रात लावून गेम सुरू होतोय ना, हे पाहा. आणि सीड्या मोजा. माझी फजिती इथेच झाली. पीएस फोरच्या ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ला दोन सीड्या आहेत, एक इन्स्टॉल करायची आणि एक खेळायची. मी डबा घेऊन डोंबिवलीहून ग्रँट रोडला गेलो, काउंटरवर उघडला, तर आत एकच. खेळायची सीडी घरी यंत्राच्या पोटात झोपलेली. तिकिटाचे पैसे आणि अख्खी दुपार गेली, वर दुकानदाराचं हसू. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’लाही दोन सीड्या आहेत.

डबा आणि आतला छापील कागद मूळ असला तर भाव चढतो. डबा फुटला असेल तर कोऱ्या डब्यात घालून न्या, नुसती सीडी प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका. सीडीवर ‘नॉट फॉर रीसेल’ छापलेलं असेल, म्हणजे ती कन्सोलसोबत आली असेल, तर थोडी घासाघीस होणार हे धरून चाला.

डब्याच्या कण्यावर एक क्रमांक असतो. सीयूएसएने सुरू होणारा पीएस फोरचा, पीपीएसएने सुरू होणारा पीएस फाइव्हचा. फोनवर भाव विचारताना तो वाचून दाखवला की कुठली आवृत्ती यावरचा घोळ टळतो. आतेभाऊ न्यू जर्सीहून येताना सीडी घेऊन आला असेल तर ती तुमच्या यंत्रात चालेलच, कारण या दोन्ही यंत्रांच्या सीड्यांना प्रदेशाचं कुलूप नाही. भारतीय खात्यावरून घेतलेला जादा भाग, म्हणजे डीएलसी, मात्र त्या सीडीवर सहसा चालत नाही. दुकानदार यासाठी थोडे पैसे कापतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

एक बारकावा बऱ्याच जणांना विकून झाल्यावर कळतो. पीएस फोरची सीडी घालून तुम्ही पीएस फाइव्हची सुधारित आवृत्ती घेतली असेल, तर ती चालायला तीच सीडी खाचेत लागते. सीडी विकली की आवृत्तीही गेली.

भाव विचारणं

एकाच दुकानात थेट जाऊन उभं राहू नका. आधी तीन दुकानांना फोन किंवा व्हॉट्सॲप करा. डब्याचा, सीडीच्या मागच्या बाजूचा आणि कण्याचा फोटो पाठवा, आणि नेमके चार प्रश्न विचारा: रोख किती, क्रेडिट (त्याच दुकानात वापरायची रक्कम) किती, हाच गेम तुम्ही वापरलेला केवढ्याला विकता, आणि हा भाव कधीपर्यंत धरू? तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. विकण्याचा आणि घेण्याचा भाव यातलं अंतर दिसलं की घासाघीस कुठवर ताणायची ते कळतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी असलेलं बरं, नाहीतर काउंटरवर ‘वो तो कल का रेट था’ ऐकावं लागतं.

दुपारी, गर्दी नसताना जा. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला तुमच्या एका सीडीसाठी वेळ नसतो. आणि एकेक न नेता पाच-सहा गेम एकदम न्या. गठ्ठ्यात एखादा पडीक गेमही खपतो. फक्त भाव एकेकाचा वेगळा सांगायला लावा, मग बेरीज. ‘सगळ्याचे मिळून साडेतीन’ म्हटलं की चांगल्या गेमचं मोल पडीक गेमात मिसळून जातं.

रोख, क्रेडिट की बदली

रोखीपेक्षा क्रेडिट नेहमी जास्त देतात, कारण ते पैसे फिरून त्याच दुकानात येणार असतात. तिथून खरंच काही घ्यायचं असेल तरच क्रेडिट घ्या. चिठ्ठी मिळणार असेल तर मुदत विचारा. दुकान बंद पडलं की चिठ्ठीचा कागद होतो.

बदलीत, म्हणजे ‘ये दे दो, ऊपर से पाँच सौ, वो ले जाओ’ या प्रकारात, खरा खेळ असतो. आकडा एकच सांगितला जातो आणि तो ऐकायला गोड वाटतो. त्याचे दोन आकडे करून घ्या: माझा केवढ्याला घेतोस आणि तुझा केवढ्याला देतोस? समजा पहिला दुकानदार तुमच्या सीडीचे १,८०० लावतो आणि हवा असलेला गेम ३,०००ला देतो. तुम्हाला वर १,२०० मोजायचे. दुसरा तुमच्या सीडीचे घसघशीत २,१०० लावतो, पण तोच गेम ३,५००ला देतो. इथे १,४०० मोजावे लागतात. तुमच्या सीडीला जास्त भाव देणारा दुकानदार २०० रुपयांनी महाग पडला! रोख हवी असेल तर मात्र घेण्याचा भाव एवढंच पाहायचं.

घासाघीस करा, पण शोभेल अशी. दुसऱ्या दुकानाचा व्हॉट्सॲपवरचा भाव दाखवला की बहुधा शे-दोनशे वाढतात. त्यापुढे ताणण्यात अर्थ नाही. मी एकाच दुकानात वर्षानुवर्षं जातो, प्रत्येक वेळी शेवटचे पन्नास रुपये सोडतो आणि त्या बदल्यात नवा माल आला की पहिला मेसेज मला येतो. मोठ्या रकमेला ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून ते असतं, आणि नोंद ठेवणारा दुकानदार चांगलाच.

कन्सोल विकायचा असेल तर

इथे घाई महागात पडते. पीएस फाइव्हवर आधी सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड अकाउंट्स’, तिथे ‘अदर’, आणि त्यात ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ बंद करा. पीएस फोरवर ‘ॲक्टिव्हेट ॲज युअर प्रायमरी पीएस फोर’मध्ये जाऊन डीॲक्टिव्हेट करा. सेव्ह क्लाउडवर उतरवून घ्या, पीएस फोरच्या गेमचे यूएसबीवरही उतरतात. मगच यंत्र पूर्ण रिसेट करा. हा क्रम चुकला तर तुमच्या खात्याची धुणी दुसऱ्याच्या घरी वाळत राहतात. यंत्राच्या पोटात सीडी राहिली नाही ना, हेही रिसेटच्या आधी बघा (मी हे का सांगतोय ते वर आलंच आहे).

बिल, खोकं, एचडीएमआय केबल, चार्जिंगची वायर सोबत न्या. बिलावरचा आणि यंत्रावरचा सीरियल नंबर जुळला की विश्वास बसतो. दुकानदार कंट्रोलरच्या काड्या आपोआप सरकतायत का ते पाहणारच, म्हणून दोष आधी सांगून टाका. त्याने शोधून काढलेला दोष तुम्ही सांगितलेल्या दोषापेक्षा जास्त पैसे कापतो. जेलब्रेक केलेलं, म्हणजे कंपनीची बंधनं तोडलेलं यंत्र असेल तर तेही सांगा. काही जण घेतात, काही हातही लावत नाहीत.

स्विचच्या कार्टरिज

निन्टेन्डोने स्विच हे आपलं यंत्र भारतात अधिकृतपणे विकायला आणलं नाही. इथे दिसतो तो बाहेरून आणलेला माल, त्यामुळे दुकानं मोजकी पण भाव टिकाऊ. कार्टरिज, म्हणजे सीडीऐवजी यंत्रात सरकवायची गेमची पट्टी, चिमुकली असते, डब्यासकटच न्या. लहान मुलांनी गिळू नये म्हणून तिच्यावर कडू लेप असतो. खरं की खोटं हे जिभेने तपासायचा मोह मला झाला होता, तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

जून २०२५मध्ये आलेल्या स्विच टूच्या काही गेमच्या कार्टरिजमध्ये गेम नसतोच, फक्त किल्ली असते आणि गेम डाउनलोड करावा लागतो. ती किल्ली खात्याला बांधलेली नसल्याने अशी कार्टरिज विकता येते. डब्यात निव्वळ कोड असेल तर नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला तसं छापलेलं असतं, विकताना आणि घेताना दोन्ही वेळा वाचा.

दुकान की ओएलएक्स

ओएलएक्सवर तोच गेम चार पैसे जास्त देतो, हे खरं. बदल्यात ‘लास्ट प्राइस?’चे चाळीस मेसेज आणि ठरवून न येणारी माणसं. पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा भेटला तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. माझा नियम असा: महागडा नवा गेम किंवा कन्सोल असेल तर ओएलएक्सचा त्रास परवडतो, हजाराच्या आतला गेम सरळ दुकानात.

परदेशात असाल तर हा खेळ बराच नीटस असतो. अमेरिकेत गेमस्टॉपला जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्या. तिथेही रोखीपेक्षा क्रेडिट जास्त मिळतं, आणि प्रो सभासदांना क्रेडिटवर वाढीव टक्के मिळतात, त्यामुळे एकदम बरेच गेम देणार असाल तर वर्गणी वसूल होते का ते मोजून पाहा. इंग्लंडमध्ये १९९२ साली लंडनात सुरू झालेली सीईएक्स आपल्या साइटवर प्रत्येक गेमचे तीन भाव उघड लावते: ते विकणार केवढ्याला, रोख देणार किती, व्हाउचर देणार कितीचं. घासाघीस नाही. माझ्यासारख्या माणसाला त्यात थोडं चुकल्यासारखं वाटतं, पण बोहनीच्या वेळी दुकानदाराचा चेहरा वाचायचा त्रास तरी वाचतो.